असिसीचे संत फ्रान्सिस : मुक्या जिवांचे बंधू

जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इटलीतील एका तेराव्या शतकातील संताचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. त्याचे उत्तर माझ्या बालपणात आहे. आमच्या बिऱ्हाडाला लागून रेल्वेत गार्ड असलेले गोव्याकडील एक कॅथलिक कुटुंब राहत असे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होते. पायघोळ तपकिरी झगा, कमरेस दोरीचा करगोटा, अनवाणी पाय, खांद्यावर आणि तळहातावर पाखरे बसलेली व पायाशी एक लांडगा शांतपणे बसलेला. माझी आजी सोवळ्याओवळ्याची. गोग्रास आणि काकबळी घातल्याशिवाय ती पानावर बसत नसे. तिला ते चित्र फार आवडे. परंतु ज्यांच्या घरी दर रविवारी मटण शिजते त्यांच्या घरी हा पाखरांचा साधू कसा पूजिला जातो, हे कोडे तिला सुटत नव्हते. एकदा तिने शेजारणीला ते विचारलेही. शेजारीण हसली, तिच्याजवळ उत्तर नव्हते. नाताळात मात्र तिने नेवऱ्यांचे ताट नेहमीपेक्षा मोठे पाठवले. आजीने नेवऱ्या ठेवून घेतल्या आणि प्रश्नही ठेवून घेतला. तो पुढे वारसाहक्काने माझ्याकडे आला.

असिसी हे मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात सुबासिओ पर्वताच्या उतारावर वसलेले लहानसे नगर. तेथे ११८१ किंवा ११८२ साली पिएत्रो दि बेर्नार्दोने या सधन कापड-व्यापाऱ्याच्या घरी या मुलाचा जन्म झाला. आईचे नाव पिका. बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी. परंतु फ्रान्स देशाशी व्यापार करणाऱ्या पित्याने त्याला फ्रान्चेस्को म्हणण्यास सुरुवात केली आणि तेच नाव जगाने उचलले. मुलगा हौशी, उधळ्या आणि दिलदार होता. रात्री उशिरापर्यंत मित्रांसह गाणी म्हणत नगरातून फिरावे, मेजवान्या द्याव्या, उंची वस्त्रे ल्यावी आणि एक दिवस घोड्यावर स्वार झालेला सरदार व्हावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. १२०२ साली असिसी आणि पेरूजा या शेजारनगरांमध्ये लढाई झाली. तीत असिसीचा पराभव होऊन फ्रान्सिस कैद झाला आणि सुमारे एक वर्ष पेरूजाच्या तुरुंगात पडला. सुटून आल्यावर त्याला दीर्घ आजार जडला. १२०५ मध्ये त्याने पुन्हा शस्त्रे बांधून दक्षिणेकडील युद्धास प्रयाण केले, पण स्पोलेतो गावाहूनच तो माघारी फिरला. त्यानंतरचा फ्रान्सिस गावकऱ्यांना ओळखू येईनासा झाला.

या काळातील एक प्रसंग त्याच्या पुढील आयुष्याची किल्ली म्हणावा असा आहे. फ्रान्सिसला महारोग्यांची विलक्षण किळस होती. त्यांच्या वस्तीवरून जाताना तो नाक दाबून धरी. एके दिवशी घोड्यावरून जात असता समोर एक महारोगी आला. फ्रान्सिस खाली उतरला, त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. मृत्यूपूर्वी लिहवून घेतलेल्या आपल्या मृत्युपत्रात त्याने आपल्या पालटाचा आरंभ याच महारोग्यांच्या सहवासापासून सांगितला आहे. पाखरांच्या चित्रावरून फ्रान्सिसला ओळखणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. मुक्या प्राण्यांपर्यंत तो माणसाच्या वाटेने पोहोचला, आणि तेही ज्या माणसाला त्या समाजाने गावकुसाबाहेर टाकले होते त्याच्या वाटेने.

पुढे सान दामियानोच्या मोडकळीस आलेल्या देवळात प्रार्थना करीत असता, देवाचे पडके घर दुरुस्त करण्याची आज्ञा क्रुसावरील मूर्तीकडून आपणास झाली असे त्याला वाटले. त्याने ती आज्ञा अक्षरशः घेतली. वडिलांच्या दुकानातील कापडाचे गठ्ठे घोड्यावर लादून फोलिन्योच्या बाजारात नेले, कापड विकले, घोडाही विकला आणि पायी परत येऊन ते पैसे देवळाच्या डागडुजीसाठी पुढे केले. पित्याचा संताप अनावर झाला. प्रकरण बिशप ग्विदो यांच्यासमोर गेले. तेथे भर लोकांत फ्रान्सिसने अंगावरची सर्व वस्त्रे उतरवून पित्याच्या पायाशी ठेवली आणि यापुढे आपला पिता स्वर्गातील एकच, असे जाहीर केले. बिशपने आपल्या झग्याने त्याचे उघडे अंग झाकले. ही घटना १२०६ सालची. येथपर्यंत त्यांचा उल्लेख मी एकेरी केला; यापुढे तो करवत नाही.

निर्धन होऊन हिंडणाऱ्या या तरुणाभोवती लवकरच मित्र गोळा झाले. असिसीखालच्या मैदानातील पोर्त्सिऊंकुला नावाचे चिमुकले देऊळ हे त्यांचे माहेरघर बनले. १२०९ साली हे मोजके बंधू रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी संमती दिली. १२१२ मध्ये असिसीच्या उच्च कुळातील क्लारा ही तरुणी घर सोडून या मार्गात आली व तिच्या भोवती भगिनींचा संघ उभा राहिला. १२१९ साली, धर्मयुद्धाची धुमाळी चालू असता, फ्रान्सिस इजिप्तमधील दामिएत्ता येथे निःशस्त्र शत्रूच्या गोटात शिरले आणि सुलतान अल्-कामिल यांना भेटून सुखरूप परतले. १२२३ च्या २९ नोव्हेंबरला पोप तिसरे होनोरियस यांनी संघाच्या नियमावलीवर शिक्कामोर्तब केले. बाह्य चरित्र एवढेच. आता आजीच्या प्रश्नाकडे वळू.

ज्या तरुणाला घोडेस्वार सरदार व्हावयाचे होते, त्याने आपल्या बंधूंना घोड्यावर बसण्यास बंदी घातली. आजारपण किंवा उघड गरज असेल तरच अपवाद. १२२१ च्या मसुद्यात तर स्वतःजवळ वा दुसऱ्याकडे कोणतेही जनावर बाळगू नये असा निर्बंध होता. यात भूतदयेपेक्षा दारिद्र्यव्रताचा भाग अधिक होता हे कबूल केले पाहिजे. घोडा म्हणजे त्या काळची श्रीमंती आणि दुसऱ्याहून उंच बसण्याचा हक्क. फ्रान्सिस स्वतः प्रकृती ढासळल्यावर गाढवावर बसत. एकदा ते असे बसले असता मागून पायी चालणाऱ्या लेओनार्द नावाच्या बंधूच्या मनात आले, की याचे आईबाप आणि आपले आईबाप एका पंक्तीचे नव्हते, आणि आज मी याच्या गाढवामागे चालतो आहे. तो काही बोलला नाही. फ्रान्सिस मात्र तत्क्षणी खाली उतरले आणि त्याला वर बसण्याचा आग्रह करू लागले. मालकीचा हक्क सोडला म्हणजे जनावर हे मालमत्ता उरत नाही, त्याच्याशी दुसरे काही नाते जोडावे लागते. फ्रान्सिसनी ते बंधुत्वाचे जोडले.

त्यांचे पहिले चरित्र चेलानो गावच्या थॉमस नावाच्या बंधूने पोप नववे ग्रेगरी यांच्या आज्ञेवरून १२२८-२९ मध्ये, म्हणजे निर्याणानंतर दोनतीन वर्षांतच लिहिले. लेओ, रुफिनो आणि आंजेलो या निकटच्या सोबत्यांनी आपल्या आठवणी १२४६ साली लिहून पाठविल्या. पुढे बोनाव्हेंतुरा यांनी अधिकृत चरित्र सिद्ध केले आणि १२६६ मध्ये आधीची सर्व चरित्रे नष्ट करण्याचा ठराव संघाने केला. सुदैवाने तो ठराव पुरता अमलात आला नाही. महाराष्ट्रात याच शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा शिष्यांकडून एकेक करून जमविल्या, हे येथे सहजच आठवते. आठवणींचा गोळा करणारा असा भाविक माणूस दोन्हीकडे लाभला, म्हणूनच हे बारीकसारीक प्रसंग आपल्यापर्यंत आले.

थॉमस सांगतो, की बेवान्या गावाजवळ एका शेतात पारवे, कावळे आणि डोमकावळ्यांचा मोठा थवा उतरलेला पाहून फ्रान्सिस सोबत्यांना वाटेवरच सोडून तिकडे धावत गेले. पाखरे उडाली नाहीत. त्यांनी त्यांना नमस्कार केला आणि पिसांचे वस्त्र, उडण्यास पंख व निर्मळ हवेचे घर देणाऱ्या ईश्वराची स्तुती करण्यास सांगितले. त्यांच्यामधून फिरताना त्यांच्या झग्याचा काठ पाखरांच्या डोक्यांना लागत होता. ही कथा चित्रकारांनी अजरामर केली. असिसीच्या महामंदिरात जोत्तोच्या नावावर सांगितले जाणारे भित्तिचित्र जगप्रसिद्ध आहे. मला मात्र त्या कथेचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो. परत आल्यावर फ्रान्सिस स्वतःला दोष देऊ लागले, की इतकी वर्षे आपण पाखरांना उपदेश करण्यात हयगय केली. अल्व्हियानो येथे तर उलट प्रकार घडला. बाजाराच्या चौकात प्रवचन चालू असता घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांचा कलकलाट इतका झाला, की लोकांस शब्द ऐकू येईना. फ्रान्सिसनी पाकोळ्यांना भगिनी म्हणून संबोधून विनंती केली, की तुमचे पुष्कळ बोलून झाले, आता माझी पाळी आहे. प्रवचन संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या म्हणतात.

या गोष्टी चमत्कार म्हणून सोडून द्याव्यात असे कोणास वाटल्यास माझा आग्रह नाही. परंतु चमत्कार नसलेल्या ज्या साध्या आठवणी आहेत, त्यांचे काय करायचे? रस्त्यावरचा किडा पायाखाली सापडू नये म्हणून ते उचलून कडेला ठेवीत. हिवाळ्यात मधमाश्या थंडीने मरू नयेत म्हणून त्यांच्यासाठी मध किंवा उत्तम द्राक्षासव ठेववीत. लाकूड तोडणाऱ्या बंधूंना झाड मुळापासून तोडू देत नसत, पुन्हा पालवी फुटण्याची आशा खोडात राहिली पाहिजे म्हणून. बाग करणाऱ्याला सगळी जमीन भाजीपाल्याखाली घालू देत नसत. कडेची पट्टी रानगवतासाठी आणि फुलांसाठी मोकळी ठेवावयास लावीत. रिएती सरोवरात नावेतून जात असता एका कोळ्याने त्यांना मोठा जिवंत मासा भेट दिला. त्यांनी त्याला बंधू म्हणून पाण्यात सोडला; तो कितीतरी वेळ नावेजवळच खेळत राहिला.

अँकोनाच्या मुलुखातील प्रसंग तर व्यवहाराच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. एक शेतकरी दोन कोकरे बांधून, खांद्यावर उलटी लटकावून, बाजारी विकावयास चालला होता. कोकरे ओरडत होती. फ्रान्सिस जवळ गेले, रडणाऱ्या मुलाला आईने कुरवाळावे तसे त्यांना कुरवाळले आणि त्यांचे पुढे काय होणार, हे विचारले. विकली जातील आणि कापली जातील, हे ऐकताच त्यांनी अंगावरचा झगा काढून दिला व कोकरे घेतली. झगा त्यांचा नव्हता, त्याच दिवशी थंडीसाठी कोणा सज्जनाने उसना दिलेला होता आणि कोकरांच्या किमतीहून पुष्कळ महाग होता. आता ही दोन कोकरे घेऊन फिरस्त्या भिक्षुकाने करावे काय? सोबत्याशी विचारविनिमय करून त्यांनी ती त्याच शेतकऱ्याला परत दिली. अट एवढीच, की ती कधी विकू नयेत, त्यांना इजा करू नये, नीट सांभाळावीत. शेतकऱ्याने अट पाळली असेल का, अशी शंका माझ्यासारख्या बाजार पाहिलेल्या माणसाला येते. फ्रान्सिसना ती आली नाही.

ग्रेच्चो येथे एका बंधूने फासात सापडलेला ससा त्यांच्याकडे आणला. त्यांनी त्यालाच विचारले, की बाबा, असा फसलास कसा? ससा त्यांच्या कुशीत जाऊन बसला. कितीदा खाली ठेवला तरी परत येई. अखेर बंधूंनी त्याला जवळच्या रानात नेऊन सोडले. मराठी वाचकास येथे लीळाचरित्रातील ससा आठवल्याशिवाय राहणार नाही. पारध्यांच्या आणि कुत्र्यांच्या तावडीतून निसटलेला तो ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपला आणि स्वामींनी त्याला पारध्यांच्या हवाली केले नाही. फ्रान्सिस उंब्रियात फिरत होते तेव्हा देवगिरीस यादव सिंघणाचे राज्य होते. या दोन मुलुखांना एकमेकांची वार्ता नव्हती; ससे मात्र दोन्हीकडे एकाच प्रकारे आसरा शोधीत होते. पुढे तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी काशीची कावड रिती करणाऱ्या एकनाथांना आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांना फ्रान्सिस ओळखीचे वाटले असते.

गुब्बिओच्या लांडग्याची कथा सर्वांत प्रसिद्ध. पण ती आरंभीच्या चरित्रांत नाही. निर्याणानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर रचलेल्या कथासंग्रहात ती येते, तेव्हा इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येत नाही. तरीही ती सांगितली पाहिजे, कारण ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या आणि लांडग्यांनी वाढविलेल्या बालकांवर १८५२ साली पुस्तिका लिहिणाऱ्या स्लीमनसाहेबांच्या जबलपुरात, मोगलीच्या सिवनीपासून जवळच राहणाऱ्या आपणास लांडग्याचे नाते परके नाही. गुब्बिओ नगराला एका लांडग्याने त्राहि भगवान केले होते. जनावरे खाई, माणसेही खाई. शस्त्राशिवाय कोणी वेशीबाहेर पडत नसे. फ्रान्सिस एकटे त्याच्यासमोर गेले. त्याचे अपराध त्याला ऐकविले, पण हे सर्व तू भुकेपोटी केलेस हेही मान्य केले. मग करार ठरला : नगरवासीयांनी त्याला रोज अन्न द्यावे, त्याने कोणास उपद्रव देऊ नये. लांडग्याने पंजा उचलून त्यांच्या हातात ठेवला. त्यानंतर दोन वर्षे तो घरोघर फिरून जेवत असे, एकही कुत्रे त्याच्यावर भुंकत नसे, आणि तो म्हातारा होऊन मेला तेव्हा गावाला हळहळ वाटली. कथेचा रचणारा कोणी असो, शहाणा होता. लांडग्याला मारून गावाला वाचविणाऱ्या वीराची गोष्ट त्याला सांगता आली असती. त्याने दोन्ही पक्षांना बांधणाऱ्या तहाची सांगितली. आपल्या परिसरात बिबट्या वस्तीत शिरतो तेव्हा रानात त्याचे अन्न कोणी संपविले, हे विचारण्याची आठवण फार थोड्यांना होते.

आता आजीचा प्रश्न. फ्रान्सिस शाकाहारी नव्हते. त्यांच्या नियमावलीत, समोर वाढलेले अन्न गॉस्पेलच्या वचनानुसार खाण्याची मोकळीक आहे. नाताळ शुक्रवारी आला असता मांस वर्ज्य करावे काय, असा प्रश्न एका बंधूने काढला तेव्हा फ्रान्सिस रागावले आणि अशा दिवशी भिंतींनाही मांस खाता आले तर बरे, अशा अर्थाचे बोलले, असे थॉमसनेच दुसऱ्या चरित्रात लिहिले आहे. नवजात कोकराला मारणाऱ्या एका डुकरिणीला त्यांनी शाप दिला आणि ती तीन दिवसांत मेली, अशीही कथा आहे. श्रद्धाळू लेखक हे प्रसंग गाळतात. मला ते गाळणे अप्रामाणिकपणाचे वाटते. जैन मुनींची किंवा वारकऱ्यांची अहिंसा फ्रान्सिसच्या ठायी शोधणाऱ्याची निराशा होईल. त्यांची भूमिका वेगळ्या मुळावर वाढलेली आहे. प्राणी पवित्र आहे, त्यात परमेश्वर आहे, किंवा त्याच्यात मागील जन्मीचा कोणी जीव आहे, असे ते म्हणत नाहीत. ज्या पित्याने मला निर्माण केले त्यानेच याला केले, म्हणून हा माझा भाऊ, एवढाच त्यांचा तर्क. भाऊ म्हटले की देणे लागते. ताटात काय असावे याचा निकाल त्या तर्काने पुरता लागत नाही, हे खरे. पण कोकरू उलटे टांगून नेण्याचा मात्र लागतो.

खुद्द कॅथलिक परंपरेलाही हा धागा पकडून ठेवण्यास बराच काळ लागला. फ्रान्सिसच्या निधनाच्या सुमारास जन्मलेले थोर तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांना विवेकबुद्धी नसल्याने त्यांच्याविषयी माणसाचे स्वतंत्र कर्तव्य मानले नाही. प्राण्यांशी निर्दय वागणारा पुढे माणसांशीही निर्दय होतो, म्हणून ते टाळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढील कित्येक शतके धर्मपंडितांचे मत याच चाकोरीतून चालले. अपवाद होते. पोप पाचवे पायस यांनी १५६७ साली बैलांच्या झुंजींवर बहिष्काराच्या दंडासह बंदी घातली, पण आठ वर्षांतच तेरावे ग्रेगरी यांनी ती सैल केली. पेरूमधील लिमा नगरात संत मार्टिन दे पोरेस हे सतराव्या शतकात जखमी कुत्र्यामांजरांची शुश्रूषा करीत. १९६२ साली त्यांना संतपद मिळाले. रोममध्ये १७ जानेवारीस, संत अँथनी यांच्या दिवशी, घोडे आणि गुरे यांना आशीर्वाद देण्याची प्रथा लोकांनी जपली. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिसना पर्यावरणाचे पालक संत घोषित केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांना दयेने वागविणे हे माणसाचे देणे असल्याचे नमूद होऊन त्या ठिकाणी फ्रान्सिसचे स्मरण केले आहे. मात्र अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग त्यात मान्य आहे. २०१३ साली निवडून आलेल्या पोपनी फ्रान्सिस हेच नाव घेतले आणि २०१५ च्या आपल्या परिपत्रकाचे शीर्षक या संताच्या स्तोत्रातून उचलले. आजी आज असती तर या प्रगतीला तिने निम्मे गुण दिले असते.

४ ऑक्टोबर हा फ्रान्सिस यांचा स्मृतिदिन जागतिक प्राणिदिन म्हणूनही पाळला जातो. १९४८ पासून आपल्या गावी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच्या विद्यापीठाला हिंगोलीकडचे आपले नानाजी देशमुख यांचे नाव आहे. टांग्याच्या घोड्याच्या खांद्यावरील जूच्या जखमेला औषध लावणारे तेथील विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांपैकी कोणाला असिसीचे नाव माहीत असेल असे नाही. त्या घोड्याचे त्यावाचून अडले नाही.

महाराष्ट्राशी फ्रान्सिसचा संबंध आपण समजतो त्याहून जुना आहे. त्यांच्या निधनाला १०० वर्षे होण्यापूर्वीच, १३२१ साली, त्यांच्या संघाचे चार जण ठाण्यास येऊन पोहोचले आणि तेथेच मारले गेले. काही काळाने आलेल्या ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी सोबत नेल्या आणि ठाण्याचे वर्णन लिहून ठेवले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया याच संघाचे बंधू होते; १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना हा इतिहास मुखोद्गत असतो. आम्हां बाकीच्यांना तो शाळेत कोणी सांगितला नाही.

१२२३ च्या नाताळात फ्रान्सिस ग्रेच्चो येथे होते. येशूचा जन्म किती गरिबीत झाला हे डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा त्यांना झाली. जोव्हान्नी नावाच्या स्थानिक स्नेह्याला सांगून त्यांनी डोंगरातल्या कपारीत गव्हाण मांडविली, तीत गवत पसरविले आणि खराखुरा बैल व गाढव आणून उभे केले. मशालींच्या उजेडात गावकरी जमले, गव्हाणीवरच पूजाविधी झाला. आज घरोघर मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्याची परंपरा या रात्रीकडे बोट दाखविते. नंतर त्या गव्हाणीतले गवत आजारी गुरांना चारले गेले आणि ती बरी झाली, असे थॉमस सांगतो. याच सणासंबंधी त्यांची आणखी एक इच्छा होती : सम्राटाची भेट झाली तर त्याच्याकडून असा कायदा करून घ्यावा, की नाताळाच्या दिवशी चंडोलांसाठी वाटांवर धान्य पसरले जाईल आणि गोठ्यातील बैल-गाढवांना पोटभर वैरण मिळेल. बैलपोळ्याला पुरणपोळीचा घास बैलाच्या तोंडी देणाऱ्या आपल्या लोकांना या कायद्याची आवश्यकता समजावून सांगावी लागणार नाही. थंडीत ग्वारीघाटावर नर्मदेत उतरणाऱ्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांना नावेतून शेव फेकणारी आपली मुले तो कायदा नकळत पाळीत असतात. शेवेऐवजी धान्य असते तर पाखरांच्या पोटाला अधिक मानवले असते, इतकेच.

१२२४ च्या शरदात ला व्हेर्ना पर्वतावर एकान्तात असता त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत ख्रिस्ताच्या जखमांसारख्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. तेथे त्यांच्या झोपडीजवळ घरटे केलेला एक ससाणा मध्यरात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी ओरडून त्यांना उठवीत असे आणि ते आजारी असले की उठविण्यास उशीर करी. इजिप्तहून आणलेल्या डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. १२२५ मध्ये ते सान दामियानोजवळ चटयांच्या खोपट्यात पडून होते. ५० हून अधिक दिवस त्यांना उजेड सोसवला नाही. खोपट्यात उंदरांचा सुळसुळाट होता. अंगावरून धावत, जेवणाच्या पाटावर चढत, त्यांना झोप घेऊ देत नसत. अशा रात्रींतून त्यांनी आपले सूर्यस्तोत्र रचले, तेही लॅटिन सोडून उंब्रियाच्या बोलीत. त्यानंतर ६५ वर्षांनी ज्ञानेश्वरांनी जो मार्ग धरला, तोच हा. सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी आणि पृथ्वी यांना भाऊबहीण मानून केलेली ती स्तुती आहे. गंमत अशी, की प्राण्यांचा सखा म्हणून जगाला ठाऊक असलेल्या या संताच्या त्या स्तोत्रात एकाही पशुपक्ष्याचे नाव नाही. उंदरांचा परिणाम असावा, असा विनोद मनात येतो. पण मला वाटते, ज्यांना रोज प्रत्यक्ष हाक मारता येत होती त्यांना काव्यात बोलाविण्याची त्यांना गरज भासली नसावी.

आपल्या देहाला ते बंधू गाढव म्हणत. कमी खाऊ घालावे, ओझे लादावे, कामास जुंपावे, असा त्याच्याशी त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार. डोळ्यांवर उपाय म्हणून वैद्यांनी तापलेल्या सळईने कानापासून भुवईपर्यंत डाग दिला, तेव्हा त्यांनी अग्नीलाही भाऊ म्हणून सौम्य होण्याची विनंती केली. अखेरच्या दिवसांत मात्र त्यांनी या बंधू गाढवाची क्षमा मागितली, की मी तुझ्यावर फार जुलूम केला. सगळ्या जनावरांवर माया करणाऱ्याने एकाच जनावराला निर्दयपणे वागविले होते, आणि ते त्यांच्या ध्यानात आले.

१२२६ च्या शरदात त्यांना पोर्त्सिऊंकुला येथे आणण्यात आले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना उघड्या अंगाने उघड्या भूमीवर निजविले. ३ ऑक्टोबरच्या सायंकाळी, शनिवारी, त्यांनी देह ठेवला. सूर्यास्तानंतरचा काळ दुसऱ्या दिवसात मोजीत असल्याने स्मृतिदिन ४ तारखेस येतो. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले. चंडोल हा पक्षी त्यांना सर्वांत प्रिय होता. त्याच्या पिसांचा मातकट रंग आपल्या झग्यासारखा आहे, डोक्यावरचा तुरा टोपडीसारखा आहे आणि तो वाटेवरचे दाणे टिपून वर उडता उडता गातो, असे ते म्हणत. चंडोल उजेडाचा पक्षी, अंधार पडू लागला की तो दिसेनासा होतो. त्या सायंकाळी मात्र, दिवेलागण झाल्यावर, चंडोलांचा मोठा थवा त्या घराच्या छपरावर आला आणि गात गात बराच वेळ घिरट्या घालीत राहिला.